सर्दी झाली की माझी थेट छातीत उतरते, सिगरेटचा खरंच संबंध आहे का?

सातारी_पोरगा८९

नमस्कार मंडळी. वय ३६, सातारा एमआयडीसीत कामाला आहे, पंधरा वर्षं झाली सिगरेट ओढतोय, दिवसाला सहा-सात छोट्या, सेकंड शिफ्ट असली की दहापर्यंत जातात. दारू नाही, तंबाखू नाही, शुगर-बीपी काही नाही.

प्रॉब्लेम असा की दिवाळीपासून ही तिसरी वेळ. घरात सर्दी येते ती पोराच्या शाळेतून, आधी त्याला, मग बायकोला, मग मला. पोरगं दोन दिवस शेंबडं असतं आणि तिसऱ्या दिवशी अंगणात बॅट घेऊन हजर. बायकोचं चार दिवसात निस्तरतं, तेही स्वयंपाक, डबे, सगळं करत करत. आणि माझं मात्र नाकात सुरू झालं की तिसऱ्या दिवशी घसा, पाचव्या दिवशी छाती, मग तीन-तीन आठवडे खोकला, रात्री उठून बसायची पाळी. सर्दी एकच, घर एकच, मग मलाच का एवढं?

डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, ॲंटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि वर चष्म्यातून बघत म्हणाले "ते बंद करा". मी म्हटलं थंडी लय पडलीय यंदा, रात्री बारा-साडेबाराला गाडीवरनं घरी येतो, गार वारं लागतं, त्यानं होत असंल. त्यावर ते काही बोललेच नाहीत, पुढचा पेशंट आत बोलावला.

कंपनीतला एक जण म्हणतो उलट आहे, कोरोनात सिगरेटवाले वाचले, पेपरात आलं होतं. आता खरं काय समजायचं? लेक्चर नको, घरी भरपूर मिळतंय. नेमकं होतं काय ते कोणी सांगितलं तर बरं होईल.

चहा_बिस्कीट

बायकोला चार दिवसात निस्तरावंच लागतं भावा, तिला कोण सुट्टी देतंय 😄

लॅबवाला

वरचा जोक खरा असला तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, पण हा विषय आमच्या रोजच्या बघण्यातला.

आपल्या श्वासनळीला आतून बारीक केस असतात, डोळ्याला न दिसणारे, आणि ते सेकंदाला दहा-बारा वेळा एकाच दिशेनं हलत असतात, खालून वर. त्यांच्यावर चिकट पाण्याचा पातळ थर असतो. धूळ, जंतू, जे काय आत जाईल ते त्या थरात अडकतं आणि हे केस ते ढकलत ढकलत घशापर्यंत आणतात, आपण नकळत गिळून टाकतो, विषय संपला. उसाच्या रानातला पाट डोळ्यासमोर आणा, पाणी वाहतं आहे तोवर पाट स्वच्छ. सिगरेट दोन्हीकडनं मारते. धुरानं हे केस सुस्त पडतात, काही ठिकाणी झडतात, आणि त्याच वेळी चिकटा तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे पाटाला उतार राहिला नाही आणि वरनं गाळ दुप्पट. मग तो बाहेर काढायला एकच मार्ग उरतो, खोकला. सकाळी उठल्या उठल्या येतो ना? रात्रभर धूर नसतो त्यामुळं केस जरा हलायला लागतात आणि साचलेलं वर यायला लागतं, तेवढ्यात तुम्ही पहिली पेटवता.

आता यात व्हायरस आला. तुमच्या बायकोच्या नाकात जो आला तोच तुमच्या नाकात आला, पण तिचा पाट वाहता आहे, तुमचा तुंबलाय. शिवाय व्हायरस शिरला की पेशी शेजारच्या पेशींना सावध करायला इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, ओढणाऱ्यांच्या नाकातल्या पेशींत ते कमी सुटतं आणि फ्लूचा व्हायरस जास्त वाढतो असं लॅबमधल्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे गावात दवंडीच उशिरा पिटली.

थंडीबद्दल म्हणाल तर थंडीतनं व्हायरस जन्माला येत नाही. थंडीत आपण दारंखिडक्या लावून एकत्र बसतो, हवा कोरडी असते, त्यानं पसरायला मदत होते एवढंच. आणि ती थंडी तुमच्या बायकोला पण तेवढीच आहे.

फौजी_नाना

लॅबवाले बरोबर बोलतात. आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या बाजूला, मी स्वतः १७ वर्षं फौजेत काढली, सुरुवातीच्या ट्रेनिंगला एका बॅरेकमध्ये चाळीस पोरं, खाटेला खाट लागून. एकाला ताप आला की आठवड्यात अर्धी बॅरेक एमआय रूमच्या, म्हणजे फौजी दवाखान्याच्या लाईनीत उभी. आम्ही आपलं गंमतीत म्हणायचो, बिडी-सिगरेटवाली पोरं सगळ्यात आधी ॲटेंड सी, म्हणजे आजारपणाची सुट्टी घेऊन येणार आणि सगळ्यात शेवटी पीटीला येणार. तेव्हा वाटायचं पोरं कामचुकार आहेत. मी पण ओढायचो, वर थंडीत पोस्टिंग होतं तेव्हा तर काय विचारूच नका, आणि मीपण त्याच लाईनीत असायचो 😀 सोडून आता ११ वर्षं झाली.

लॅबवाला

नाना, तुमची गंमत कोणीतरी मोजून ठेवलीय. इस्रायलच्या लष्करात एका युनिटमध्ये फ्लूची साथ आली, एच१एन१, ३३६ तरुण पोरं, सगळी एकाच वयाची, एकाच ठिकाणी राहणारी, एकच जेवण. त्यातले बरोबर निम्मे, १६८, सिगरेट ओढणारे. ओढणाऱ्यांत ६८.५ टक्के आजारी पडले आणि न ओढणाऱ्यांत ४७.२ टक्के. अंथरूण धरावं लागलं किंवा ड्युटी बुडाली असे जास्त आजारी बघितले तर ५०.६ विरुद्ध ३०.१. हे १९८२ ला अमेरिकेतल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मला हा अभ्यास आवडतो कारण यात "तो म्हातारा होता", "तो गरीब होता", "त्याच्या घरात चूल होती" असली पळवाट नाही.

दुसरा तर अजून भारी. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला फक्त सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं, १९४६ ला चालू झालेलं. लोक स्वतःहून तिथं राहायला जायचे आणि त्यांच्या नाकात मुद्दाम व्हायरसचे थेंब घालायचे! १९९३ ला आलेल्या एका पेपरमध्ये ३९१ जणांना पाचपैकी एक व्हायरस दिला आणि २६ जणांना नुसतं मिठाचं पाणी. त्या पाचात एक साधा सर्दीवाला कोरोना पण होता, बघा, नाव आपल्याला २०२० ला कळलं पण मंडळी आधीपासून आहेत. इथं व्हायरस सगळ्यांना सारखा मिळाला, कोण गर्दीत गेला कोण नाही गेला हा प्रश्नच नाही. तरी ओढणाऱ्यांना सर्दी जास्त झाली.

त्यात अजून एक गंमत सापडली. बेतानं दारू पिणाऱ्यांना सर्दी जरा कमी होत होती, पण फक्त सिगरेट न ओढणाऱ्यांना. ओढणाऱ्यांना तो फायदा शून्य. (हे वाचून कोणी बाटली उघडू नका, फायद्यापेक्षा तोटे लय आहेत तिचे.)

टपरीबहाद्दर

सगळं ठीक आहे पण तो कोरोनाचा मुद्दा कोणी बोलत नाही. २०२० ला फ्रान्समधनं बातमी आली होती की दवाखान्यातल्या कोरोना पेशंटमध्ये सिगरेट ओढणारे फारच कमी आहेत, निकोटिन वाचवतंय. मोठे शास्त्रज्ञ होते ते, व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी नाही. मी स्वतः दिवसाला एक पाकीट, मला कोरोना झालाच नाही, आणि आमच्या गल्लीतले सुपारीचं खांड पण न खाणारे दोघं गेले. आता बोला.

लॅबवाला

गल्लीतल्या दोघांचं वाईट वाटलं. बातमी खरी होती, ते शास्त्रज्ञही खरे होते. लोकांनी एवढी मनावर घेतली की फ्रान्स सरकारला एप्रिल २०२० मध्ये निकोटिन पॅचच्या (अंगाला चिकटवायच्या पट्ट्या) विक्रीवर मर्यादा घालायला लागली, नाहीतर दुकानं रिकामी झाली असती.

आता ते आकडे आले कुठनं ते बघू. पेशंट ॲडमिट होताना फॉर्म भरतात. मार्च-एप्रिल २०२० डोळ्यासमोर आणा, आपल्याकडं इस्लामपूरला पेशंट सापडले आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांची झोप उडाली तो काळ. धाप लागलेला माणूस स्ट्रेचरवर, पीपीई घातलेली सिस्टर, "सिगरेट ओढता का" या चौकटीत कोण काय लिहिणार? रिकामी राहिली की बऱ्याच ठिकाणी हिशेबात "ओढत नाही" मध्ये गेली. ज्यानं आजारी पडल्यावर आठवड्यापूर्वी थांबवली तो म्हणणार "नाही ओढत", आणि खोटं नाही बोलत तो. ज्याची फुप्फुसं आधीच गेलेली त्यानं चार वर्षांपूर्वी सोडलेली, तो "पूर्वी ओढायचा" मध्ये. आणि आपल्याकडचं अजून एक सांगतो, मी स्वतः रिपोर्ट द्यायला उभा राहून ऐकलंय, शेजारी बायको नाहीतर वडील उभे असताना डॉक्टरांनी विचारलं की ५० वर्षांचा माणूस पण "छे छे" म्हणतो.

नंतर नीट अभ्यास झाले. इंग्लंडमध्ये ४ लाख २१ हजार लोकांची माहिती आधीपासून गोळा केलेली होती, म्हणजे कोण ओढतं हे कोरोना यायच्या आधीच नोंदलेलं, दवाखान्याच्या गडबडीत विचारलेलं नाही. त्यात ओढणाऱ्यांची ॲडमिट व्हायची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण ८० टक्के जास्त निघाली. सिगरेटची ओढ वाढवणाऱ्या जनुकांवरून पण त्यांनी तपासलं, तिकडनंही उत्तर त्याच दिशेला. हे २०२१ चं. आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना निकोटिन पॅच लावून फ्रान्समध्येच ट्रायल केली, २०२२ ला रिझल्ट आला, मृत्यू कमी झाले नाहीत. सिगरेटवाल्यांना कोरोना कमी होतो म्हणणारा एक पेपर तर युरोपातल्या जर्नलनं मागे घेतला कारण लिहिणाऱ्यांपैकी दोघांचे तंबाखू धंद्याशी संबंध होते आणि त्यांनी ते सांगितले नव्हते.

तुम्हाला झाला नाही हे चांगलंच झालं. पण टेस्ट कितीदा केली होती?

टपरीबहाद्दर

एकदापण नाही 😅 एप्रिल २१ ला आठ दिवस ताप होता पण तो मलेरिया असंल म्हणून सोडून दिला.

चहा_बिस्कीट

साताऱ्यात एप्रिलमध्ये मलेरिया. बरं.

कोरेगावची_सून

तुम्ही सगळे ओढणाऱ्याचं काय होतं ते बोलताय, न ओढणाऱ्याचं पण ऐका. माझं बाळ पाच महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट, मागच्या थंडीतली. सासरे बिडी ओढतात, ओसरीवर बसून, आणि पाळणा आतल्या खोलीत पण मधलं दार कायम उघडं. घरात सगळ्यांना सर्दी झाली, मोठ्यांची गेली आणि बाळाची छाती वाजायला लागली, शिट्टी मारल्यासारखा आवाज, बरगड्या आत ओढल्या जायच्या. पहिल्या दवाखान्यात कफाचं औषध देऊन घरी पाठवलं, मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले, सकाळी दूध पीत नाही म्हटल्यावर दुसरीकडं नेलं तर तिथं लगेच ॲडमिट. चार दिवस ऑक्सिजन आणि वाफ. डॉक्टर म्हणाले ब्राँकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनळ्यांना सूज, एवढ्या लहान मुलांत आरएसव्ही नावाच्या व्हायरसनं हे बऱ्याचदा होतं, आणि पहिला प्रश्न विचारला, घरात कोण ओढतं का. मी गप्प, नवरा गप्प. सासरेच म्हणाले "मी ओढतो, पण बाळापशी नाय".

बिडीला लोक साधी समजतात, पानाची आहे, गावठी आहे, फिल्टरवाल्या शहरी सिगरेटपेक्षा बरी. उलट ती सारखी विझते म्हणून जोरात ओढावी लागते, धूर जास्त आत जातो. आणि तो धूर दार बघून थांबत नाही. कपड्याला, मिशीला वास असतोच.

सोडली नाही त्यांनी, खोटं कशाला सांगू. ४५ वर्षांची सवय आहे. पण बाळाच्या तोंडावर तो वाफेचा मास्क लावलेला बघितला आणि दवाखान्यातनं आल्यापासून ओसरीवर बिडी पेटली नाही. आता गोठ्यात जाऊन ओढतात. म्हैस बोलत नाही म्हणून चाललंय.

फौजी_नाना

सूनबाई, सासऱ्यांना सांगा नाना म्हणतोय ४५ वर्षांची पण सुटते. माझ्या थोरल्या भावाची ६२ व्या वर्षी सुटली.

माणदेशी_गडी

मी ओढत नाही फक्त तंबाखू खातो, चुना लावून. म्हणजे मला सर्दीचा धोका नाही ना?

लॅबवाला

धूर नाही म्हणून फुप्फुसाचा हा प्रकार नाही, पण तोंडाचं जे होतं ते तुम्हाला माहीत असणारच. आणि तुम्ही तळहातावर मळता, मग चार जण त्याच हातातनं चिमूट उचलतात, त्यातला एक सर्दीवाला. तसंच टपरीवर एक सिगरेट तिघांत फिरते, प्रत्येकाच्या ओठाला लागून. व्हायरसला यापेक्षा सोपी एसटी मिळणार नाही.

सातारी_पोरगा८९

सगळ्यांचे आभार, बघून ठेवत होतो, उत्तर द्यायला उशीर झाला. अपडेट देतो. एक सिगरेट तिघांत वाला मुद्दा वाचला आणि डोक्यात ट्यूब पेटली, आमच्या शिफ्टच्या ब्रेकला हेच चालतं, आणि मी आणि माझा एक दोस्त कायम एकाच आठवड्यात आजारी पडतो.

आज सोडून १२ वा दिवस. आता गंमत बघा, खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय! कफ पण निघतोय तपकिरी ठिपक्यांचा, घसा खवखवतोय, तोंडात दोन ठिकाणी फोड आलेत. बायको म्हणते बघा सोडली तर त्रास, आता तिला पण शंका यायला लागली. कंपनीतला तो म्हणतो शरीराला सवय असते, एकदम सोडायची नसते. हे नॉर्मल आहे का परत चालू करू?

लॅबवाला

परत चालू करू नका, हे बऱ्याच जणांचं होतं. सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सर्दीसारखी लक्षणं आणि तोंडात फोड वाढतात हे २००३ च्या एका अभ्यासात नोंदलंय, तुम्ही पहिले नाही. वर सांगितलेला पाट आठवा, केस हलायला लागलेत, पंधरा वर्षांचा गाळ वर येतोय, तपकिरी ठिपके तोच माल. कोमट पाणी भरपूर प्या आणि दम धरा. काही आठवडे ते काही महिने लागतात त्यांना मार्गी लागायला.

पण एक गोष्ट सिरियसली घ्या. तुमचा खोकला मूळचा तीन आठवड्यांचा आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबीची तपासणी करायची हा आपल्या सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि सिगरेटवाल्यांना टीबीचा धोका पण जास्त. थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप आला, जिना चढताना आधीपेक्षा जास्त दम लागला तर इथं विचारत बसू नका. सगळं "सोडल्यामुळं होतंय" वर ढकलायचं नाही.

तलफ आवरत नसंल तर निकोटिनचं च्युइंगम मिळतं मेडिकलमध्ये, पण ते बडीशेपेसारखं चघळत बसायचं नसतं, दोन-चारदा चावायचं, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, परत थोड्या वेळानं चावायचं. लोक सलग चघळतात, मळमळ होते आणि म्हणतात हे काय कामाचं नाही. आणि पाकिटावर १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो तो सरकारचा आहे, फुकट आहे. पंधरा वर्षं हातात पाकीट होतं, कधी वाचला होता?

सातारी_पोरगा८९

नाही वाचला 🙈 फोटोकडं बघायला नको म्हणून पाकीट उलटंच धरायचो.

फौजी_नाना

पोरा, मला पण तिसऱ्या आठवड्यात असाच खोकला सुटला होता, घरचे म्हणाले होते याच्यापेक्षा ओढत होता तेच बरं. शेवटच्या सिगरेटच्या ठिकाणी जाऊ नको एवढंच सांगतो. मी कॅंटीनच्या मागचा कट्टा सहा महिने टाळला.

सातारी_पोरगा८९

शेवटचं अपडेट, मग थ्रेड बंद करू. थुंकी तपासली, निगेटिव्ह. छातीचा फोटो पण क्लिअर आहे. आज २९ वा दिवस, मधे एकदा घसरलो, चुलत भावाच्या हळदीत दोन ओढल्या, सांगून टाकतो. खोकला आता फक्त सकाळी पाच-दहा मिनिटं. गेल्या आठवड्यात पोराची सर्दी परत घरात आली, मला पण झाली, सहाव्या दिवशी गेली, छातीत उतरली नाही. एका वेळेवरनं काय ठरत नाही हे मला पण कळतं, लॅबवाले लगेच म्हणतील म्हणून आधीच लिहिलं.

रविवारी पोराला घेऊन टेकडीवरच्या चार भिंती स्मारकाला चालत गेलो. आधी दोन ठिकाणी थांबायला लागायचं, मोबाईल बघायचं नाटक करायचो. यावेळी एकदाच थांबलो, तेही पोराला शू लागली म्हणून.

टपरीवाल्याचा काल फोन आला होता. तब्येत बरी आहे ना, दिसत नाही म्हणाला. मग म्हणाला ३४० रुपये राहिलेत तेवढे गूगल पे कर.